न झालेल्या दख्खन संघराज्याचा राष्ट्रपती कसा घडवावा

पर्यायी इतिहास, म्हणजे ‘तेव्हा वेगळं घडलं असतं तर’ अशी कथा, लिहायला बसलेली बरीच मंडळी आधी राष्ट्रपतींची यादी करतात. पहिला कोण, दुसरा कोण, कुणाच्या पक्षाचा, किती वर्षं टिकला. यादी एका संध्याकाळी तयार होते आणि आठवड्याभरात तिचा कंटाळा येतो, कारण ते पद तसंच का आहे हे कुणी ठरवलेलंच नसतं. यादी शेवटी करा. त्याआधीची कामं क्रमाने सांगतो. उदाहरणाला आपल्याच कोल्हापूर भागातलं एक काल्पनिक ‘दख्खन संघराज्य’ घेऊ.

१. फाटा कुठे फुटला ते ठरवा

जिथे गोष्ट खरोखर दोन्हीकडे वळू शकत होती, अशीच जागा निवडा. आपल्याकडे ती तयार आहे. १९४७ मध्ये औंध, सांगली अशा दख्खनमधल्या काही लहान संस्थानांनी एकत्र येऊन संयुक्त दख्खन राज्य काढायचा प्रयत्न केला. कोल्हापूर त्यात गेलं नाही. ८ मार्च १९४८ ला ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १ मार्च १९४९ ला कोल्हापूरही झालं.

नुसतं ‘कोल्हापूर आत गेलं’ एवढं लिहून भागत नाही. का गेलं? त्यासाठी थोडं मागे सरका. १६ मे १९४६ च्या ब्रिटिशांच्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढ्याच गोष्टी राहणार होत्या. ती योजना टिकली असं धरलं, तर अशा संघाला जागा मिळते आणि कोल्हापूरला आत यायला कारणही. पुढे ते सैल केंद्र गळून पडतं आणि संघ स्वतंत्र प्रजासत्ताक होतो. हा भाग तुमच्या कथेचा.

पानिपत जिंकून थेट प्रजासत्ताक आणायचा मोह टाळा. १७६१ पासून मधली पावणेदोनशे वर्षं समजावून सांगता सांगता राष्ट्रपतीपर्यंत पोचणारच नाही. वारणेच्या तहाचंही तेच. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधला १७३१ चा हा तह नाट्यमय आहे खरा, पण तिथून निघालात तर राज्यं मिळतील, राष्ट्रपती नाही.

२. घटना लिहिणाऱ्यांच्या मनातली भीती लिहा

ही पायरी सगळेच गाळतात आणि सगळं इथेच ठरतं. घटना समितीत कोण बसलंय आणि कोण कशाला भितंय, याचा एक कागद करा.

आपल्या उदाहरणात लहान संस्थानं कोल्हापूरला भितात. १९४१ ला कोल्हापूर संस्थानची लोकसंख्या सुमारे अकरा लाख होती, औंधची लाखाच्या आत. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या, संस्थानात प्रजेच्या हक्कांसाठी लढणाऱ्या प्रजा परिषदेच्या परंपरेतल्या माणसांना वाटणार की दरबार मागच्या दाराने परत येईल. संस्थानिकांना तनखा आणि खासगी मालमत्तेची काळजी. रामदुर्गसारख्या कन्नड मुलखाला मराठीच्या वरचष्म्याची.

आता प्रत्येक भीतीचं एक कलम करा. एकाच घटक राज्याचे लागोपाठ दोन राष्ट्रपती होणार नाहीत. माजी संस्थानिकाच्या कुटुंबातल्या माणसाला पहिली पंधरा वर्षं उभं राहता येणार नाही. राष्ट्रपती मराठी भाषक असेल तर उपराष्ट्रपती कन्नड भाषक. अशी कलमं वाचताना थोडी वेडीवाकडी वाटतात, आणि तशीच वाटायला हवीत. खऱ्या घटना तशाच असतात.

भीतीतून चुकीचं कलमही जन्मतं. १९१९ च्या जर्मन घटनाकारांना संसद फार बलवान होईल असं वाटलं. म्हणून त्यांनी थेट जनतेने निवडलेला, सात वर्षांचा राष्ट्रपती ठेवला आणि कलम ४८ खाली त्याला आणीबाणीचे अधिकार दिले. पुढे हिंडेनबुर्ग त्या खुर्चीत असताना १९३३ च्या जानेवारीत हिटलर चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख झाला. १९३४ मध्ये हिंडेनबुर्ग वारल्यावर त्याने दोन्ही पदं एक केली. तुमच्या घटनेतही एक असं कलम असू द्या, जे पहिल्या दिवशी सगळ्यांना शहाणपणाचं वाटलं होतं.

एक सूचना. बागल, कुंभार ही खरी माणसं. फाटा फुटेपर्यंत त्यांना त्यांच्या खऱ्या भूमिकेत दाखवा, त्यानंतरचे राष्ट्रपती काल्पनिक घ्या. खऱ्या माणसाच्या माथी त्याने न केलेला गुन्हा मारू नका. कोल्हापूर मोठं शहर नाही, वाचक घरी येऊन विचारेल.

३. मत कोण देणार?

थेट निवडणूक ठेवली तर अकरा लाखांचं कोल्हापूर दर वेळी आपलाच माणूस बसवणार. प्रत्येक राज्याला एक मत दिलं तर लहान संस्थानं एक होऊन कोल्हापूरला कायम बाहेर ठेवणार, आणि दुसऱ्या निवडणुकीनंतर कोल्हापूरच्या बिंदू चौकात संघातून बाहेर पडायची सभा लागणार. म्हणजे राहिलं निर्वाचक मंडळ.

भारताचं सूत्र इथे पाहण्यासारखं आहे. राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले निवडून आलेले आमदार, त्याला परत हजाराने भागायचं. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य यातून १७५ येतं. तुमच्या संघराज्यासाठी असंच एक सूत्र बनवा आणि खऱ्या आकड्यांवर चालवून पाहा. कोल्हापूरला निम्म्याच्या थोडं खाली आणता आलं, तर प्रत्येक निवडणुकीत त्याला निदान दोन-तीन लहान राज्यांची मनधरणी करावी लागेल. कथानक तिथून आपोआप सुटतं.

मतदार थोडे असले की काय होतं हे कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. दूध संघाच्या निवडणुकीत संस्थांचे ठरावधारक, म्हणजे प्रत्येक संस्थेने ठराव करून नेमलेले प्रतिनिधी, मत देतात, आणि मतदानाआधी ठरावधारक ‘सहलीला’ जातात. तुमचे निर्वाचकही जाऊ द्यात. महाबळेश्वरला एक हॉटेल, बाहेर गाड्या, आत कुणाला घरी फोन करायची मुभा नाही. यासाठी वेगळं संशोधन करायला नको.

बरोबरी झाली तर काय, हेही लिहून ठेवा. अमेरिकेत १८०० च्या निवडणुकीत जेफर्सन आणि बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली आणि प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. १८०४ मध्ये घटनादुरुस्ती करून ती फट बुजवली. पसंतीक्रमाची मतं ठेवलीत तर आपला १९६९ चा नमुना आहे: व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर निवडून आले.

४. खुर्ची रिकामी करून पाहा

कागदावर राष्ट्रपतीला मारा. मग उपराष्ट्रपतीलाही राजीनामा द्यायला लावा. आता सही कोण करणार?

अतिशयोक्ती नाही ही. ३ मे १९६९ ला झाकिर हुसेन पदावर असताना वारले. उपराष्ट्रपती गिरी काम पाहू लागले, पण निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्यापुढे काय, याची तरतूद नव्हती. त्याच वर्षी संसदेला कायदा करावा लागला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी महिनाभर राष्ट्रपतीचं काम पाहिलं.

दुसरं उदाहरण तर आपल्या गावाशी जोडलेलं आहे. जमखंडी संस्थानातले बी. डी. जत्ती राजाराम कॉलेजात शिकले, कायद्याची पदवीही त्यांनी कोल्हापुरातच घेतली. फेब्रुवारी १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद गेले आणि जत्ती कार्यवाहक राष्ट्रपती झाले. एप्रिलमध्ये नऊ विधानसभा बरखास्त करायचा कागद पुढे आला तेव्हा त्यांनी लगेच सही केली नाही. केली, पण थांबून. कार्यवाहक माणसाला एवढं थांबता येतं का, हा प्रश्न तुमच्या संघराज्यात एकदा तरी उभा राहिला पाहिजे.

रिकाम्या गादीचा अनुभव कोल्हापूरला जुना आहे. १९४० मध्ये राजाराम महाराज गेले, मग लहान वयाचे दत्तक शिवाजी महाराज गादीवर आले, तेही १९४६ मध्ये गेले, आणि १९४७ मध्ये देवासहून शहाजी महाराज आले. तुमचे घटनाकार हे सगळं डोळ्यांनी पाहिलेले लोक आहेत. वारसाचं कलम ते लांबलचक लिहिणार.

५. अधिकार, आणि मग यादी

अधिकारांवर फार वेळ घालवू नका. सैन्य कुणाचं ऐकतं, घटक राज्याचं सरकार कोण पाडू शकतं, माफी कोण देतं, एवढ्या तीन उत्तरांत काम भागतं. बाकी वाचक समजून घेतो.

भाषेसाठी करवीर नगर वाचन मंदिरात बसून संस्थानकाळातले जुने छापील कागद वाचा. करवीर सरकारच्या गॅझेटमधल्या जाहीरनाम्याचा बाज पकडलात तर तुमच्या राष्ट्रपतीचा पहिला हुकूम खरा वाटेल.

आता यादी. पहिला राष्ट्रपती लहान राज्यातला, कुणालाच नको नसलेला, म्हणून निवडलेला. दुसरा कोल्हापूरचा. तिसऱ्याच्या काळात ते शहाणपणाचं कलम उलटतं. आणि राजधानी कोल्हापुरात ठेवू नका. लहान राज्यं ते कधीच मान्य करणार नाहीत. रेल्वेचं जंक्शन म्हणून मिरजेवर तडजोड होईल. त्यावर कोल्हापूरच्या पेठांमधून जो बोभाटा होईल, तो पहिल्या निवडणुकीच्या प्रचारात वापरा.