नॉक्स सेन्सर मागवण्याआधी बल्ब लावून बघा

सावर्ड्याला चालणाऱ्या आमच्या व्हील लोडरवर एसपीएन ३२२६ (कोणता भाग), एफएमआय ९ (कसला बिघाड) हा बिघाडाचा कोड सारखा यायचा. ३२२६ म्हणजे एससीआरनंतरचा (धुरातला नॉक्स कमी करणाऱ्या युनिटनंतरचा), आउटलेटचा नॉक्स सेन्सर; धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजतो तो. पात्रांव (मालक) म्हणाले, नवा टाक आणि मोकळा हो. पण एफएमआय ९ चा अर्थ सेन्सरचा मेसेज ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वेळेवर मिळत नाही, एवढाच. रीडिंग चुकतंय असं तो म्हणत नाही.

मेन स्विच बंद करून कॅनच्या, म्हणजे हे मेसेज नेणाऱ्या, दोन वायरींमध्ये मोजलं: ६० ओहम, म्हणजे ठीक. चावी ऑन करून सेन्सरच्या प्लगवर बघितलं तर २४ व्होल्टही पूर्ण! मग इंजिन तापल्यावरच कोड का? एक्झॉस्ट पुरेसा गरम झाल्याशिवाय या सेन्सरचा हीटर लागतच नाही, आणि खरा करंट ओढतो तो हीटरच. मीटर काहीच ओढत नाही, म्हणून त्याला सगळं छान दिसतं. म्हणून त्याच पिनांवर करंट ओढणारा हेडलाइटचा बल्ब जोडला. नुसता मिणमिणला. अर्थची वायर सोलली तर आत तांब्याचा हिरवा भुगा. आमचा पावसाळा, दुसरं काय!

सडका तुकडा कापून नवी वायर क्रिंप केली, वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी). कोड पुसून लोडर लोडवर चालवला. हीटर लागल्यावरही रीडिंग येत राहिलं. सेन्सर जुनाच आहे.