अंगावरून वारं गेलं? पक्षाघाताच्या पहिल्या तासांत या चुका टाळा

सकाळी साडेसहाला काकांच्या उजव्या हातातून कपबशी निसटली. रात्री हातावर झोपलो असेन, मुंग्या आल्यात, असं तेच म्हणाले. काकूंनी तेल कोमट करून हात चोळून दिला. सात वाजता बोलताना जीभ जड पडायला लागली तेव्हा पित्त झालं असेल म्हणून लिंबू सरबत केलं. शेजारच्या आजींनी ‘अंगावरून वारं गेलंय’ हे बरोबर ओळखलं, पण कांदा फोडून हुंगायला दिला. कोपऱ्यावरचा दवाखाना साडेनऊला उघडेपर्यंत सगळे थांबले. तिथून तालुक्याच्या रुग्णालयात गेले, तर तिथे सीटी स्कॅनच नव्हतं. मग शहर. काकांचा स्कॅन झाला तेव्हा साडेबारा वाजले होते. या सहा तासांत प्रत्यक्ष प्रवास सव्वा तासाचाच होता. बाकीचा वेळ घरात आणि चुकीच्या दारांत गेला, आणि घरातला प्रत्येक जण मनापासून मदतच करत होता. म्हणूनच हे लिहितेय.

आत काय चाललेलं असतं, ते आधी बघू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो आणि साठा करून ठेवत नाही. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. पण सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा लवकर जातो आणि त्याच्याभोवती एक पट्टा तग धरून असतो, पाट बंद झालेल्या पण अजून न वाळलेल्या पिकासारखा. वेळेत रक्त पोचलं तर तो पुन्हा उभा राहतो. पहिल्या तासांतली सगळी धावपळ या पट्ट्यासाठी असते.

दुखत नाही म्हणून थांबणं

हार्ट अटॅकला माणूस घाबरतो, कारण छातीत कळ येते. पक्षाघातात बहुतेकदा काहीच दुखत नाही. रोग्यालाच वाटतं, थोडं पडतो, बरं वाटेल. दुखण्याची वाट बघू नका, ‘अचानक’ हा शब्द धरून ठेवा. अचानक तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं, अर्धं दिसेनासं झालं, एकाचे दोन दिसू लागले, उभं राहताना तोल गेला, तर तो पक्षाघात समजूनच हालचाल करा. हसून दाखवायला सांगा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक हात हळूहळू खाली येतो का बघा. एक साधं वाक्य मागोमाग म्हणायला लावा.

तोल जाऊन उलट्या सुरू झाल्या की आपल्याकडे ‘पित्ताची चक्कर’ म्हणून सोडून देतात. लहान मेंदूच्या पक्षाघाताचं हेच रूप असतं. चालताना माणूस एका बाजूला कलंडत असेल तर ते पित्त समजू नका.

मधुमेह असलेल्याची साखर फार उतरली तरी हुबेहूब असंच चित्र दिसतं. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर बघून घ्या, पण तेवढ्यासाठी गाडी बोलावायची थांबू नका.

तोंडात काही ना काही घालणं

पाणी, सरबत, चहा, काढा, गोळी, यातलं काहीही नको. पक्षाघातात गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असू शकतात. घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया उभा राहतो. रोग्याला कुशीवर झोपवा, कवळी असेल तर काढा, गळ्याशी घट्ट असलेलं सैल करा. रुग्णालयात गिळणं तपासून मगच खायला देतात.

अ‍ॅस्पिरिनबद्दल जास्त बोलायला हवं, कारण ही चूक शिकलेल्या घरांतच जास्त होते. हार्ट अटॅकला अ‍ॅस्पिरिन चघळायला सांगतात, हे आता पुष्कळांना माहीत आहे. तोच नियम इथे लावला जातो. पण पक्षाघात मुख्यतः दोन प्रकारचा. दहापैकी साधारण आठ जणांत गुठळीने रक्तवाहिनी बंद होते. उरलेल्यांत ती फुटते आणि मेंदूत किंवा त्याच्या आवरणाखाली रक्त पसरतं. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात भडकली तर रक्तस्रावाचा संशय जास्त घ्यायचा. पण बाहेरून बघून खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, निष्णात डॉक्टरलाही नाही. सीटी स्कॅनच सांगतो. रक्तस्राव असताना दिलेली अ‍ॅस्पिरिन तो वाढवू शकते.

बीपीच्या गोळीचंही तेच. घरच्या मशीनवर 190 दिसलं की हात आपोआप गोळीच्या डब्याकडे जातो. अशा वेळी अनेकदा शरीरच दाब वाढवून अडलेल्या भागाकडे रक्त ढकलत असतं. तो दाब एकदम पाडला तर जो पट्टा वाचवायचा, तोच सुकतो. किती उतरवायचं हे स्कॅननंतर डॉक्टर ठरवतील.

वेळ नीट न सांगणं

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? ‘सकाळपासून’ हे उत्तर कामाचं नाही. रोगी झोपेतून उठतानाच लुळा असेल, तर तो झोपायला गेला ती वेळ सांगायची. मध्ये रात्री बाथरूमला ठणठणीत उठला होता का, हेही आठवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन 3 तासांत दिलं तर फायदा होतो हे 1995 मध्ये सिद्ध झालं, 2008 मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. आपले काका सहाव्या तासाला पोचले होते.

साडेचार तास उलटले म्हणून घरी बसणं ही मात्र त्याहून मोठी चूक. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने बाहेर ओढून काढता येते, हा उपचार 2015 पासून जगभर रुळला. निवडक रोग्यांत तो 24 तासांपर्यंत करतात.

जवळचं म्हणून चुकीचं रुग्णालय

ओळखीचा दवाखाना सलाईन लावील, धीर देईल, पण त्याच्याकडे स्कॅन नाही. आज, सगळे ठीक असताना, दोन फोन करा. सीटी स्कॅन रात्री चालू असतं का? गुठळीचं इंजेक्शन देता का? दोन्हींना ‘हो’ म्हणणारं सर्वांत जवळचं रुग्णालय शोधून ठेवा. महाराष्ट्रात आणि गोव्यात 108 ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. निघताना रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते विचारण्याआधीच सांगा.

‘झालं बरं’ आणि ‘वय कुठे झालंय?’

काकांचं या झटक्याच्या तीन आठवडे आधी एकदा दहा मिनिटं बोलणं बोबडं झालं होतं. नंतर नीट झालं म्हणून ते कुणाला बोललेच नाहीत. असा येऊन गेलेला झटका म्हणजे गुठळी अडकली आणि सुटली. त्यानंतर मोठा झटका यायचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी दाखवायचं.

तरुणांत पक्षाघात होत नाही हेही खरं नाही. बीपी हे सर्वांत मोठं कारण, आणि ते तिशीतही असतं. मधुमेह, बिडी, तंबाखू, मशेरी, दारू, हृदयाची अनियमित धडधड ही कारणं आहेतच. लहानपणीच्या सांधेतापाने झडप खराब झालेल्या तरुण मुलींतही गुठळी हृदयातून मेंदूत जाते. बाळंतिणीचं डोकं सतत दुखतंय, उलट्या होतायत, नजर धूसर झालीय किंवा फिट आली, तर बाहेरचं लागलं म्हणत अंगारा शोधू नका. बाळंतपणानंतर मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. बाळंतिणीला पाणी तोडायची रीत ही गुठळी व्हायला मदतच करते. सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्यावर अशी गुठळी झालेल्या बायकांच्याही नोंदी डॉक्टरांकडे आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका.

घरी आल्यावरच्या चुका

मेंदूच्या डाव्या भागात इजा झाली की शरीराची उजवी बाजू जाते आणि बहुतेकांची भाषाही अडते. काकांना चहा हवा असतो, तोंडून ‘चावी’ येतं. त्यांना सगळं कळतं, शब्द सापडत नाही. अशा माणसाशी ओरडून किंवा लहान मुलासारखं बोलू नका. वेळ द्या, हो-नाहीचे प्रश्न विचारा. उजव्या भागातल्या इजेत वेगळंच घडतं. रोग्याला जगाची डावी बाजूच जाणवेनाशी होते, ताटातलं डावीकडचं तसंच राहतं. तो हट्ट नसतो. उगाच रडू किंवा हसू फुटणं आणि खोल उदासी हेही मेंदूच्या इजेचेच परिणाम असू शकतात. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

लुळा हात धरून उठवू नका, खांदा निखळतो. कबुतराचं रक्त चोळण्यात आठवडे घालवू नका. सुधारणा सर्वांत वेगाने पहिल्या तीन महिन्यांत होते, म्हणून फिजिओथेरपी रुग्णालयातच सुरू करायची. त्यानंतरही थांबायचं नाही. महात्मा फुल्यांची उजवी बाजू 1888 मध्ये पक्षाघाताने गेली, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणं, ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक. ते नॉर्मल आलंय ते गोळीमुळे.

काका आता काठी घेऊन अंगणातल्या तुळशीपर्यंत जातात. काकूंच्या फ्रीजवर एक कागद लावलाय: 108, शहरातल्या त्या रुग्णालयाचा नंबर, काकांच्या गोळ्यांची नावं. गेल्या आठवड्यात शेजारच्या आजी तो बघून गेल्या आणि नातवाकडून तसाच एक त्यांनी स्वतःसाठी लिहून घेतला.