नागपूरच्या उन्हातही दमणार नाही असा गेमिंग पीसी: पार्ट कसे निवडावेत

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एका दुकानातून कोटेशन घेऊन घरी आला. "मामा, एकदा पाहून सांगा ना, बाबा उद्या पैसे देणार आहेत." कागदावर पहिल्या ओळीत इंटेलचा कोअर आय७-१२७०० होता, म्हणजे बारा कोअरचा दमदार प्रोसेसर. चार ओळी खाली ग्राफिक्स कार्ड होतं जीटीएक्स १६५०, २०१९ सालचं, ४ जीबीचं. आणि एसएमपीएसपुढे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे, नुसतं '४५० वॉट' लिहिलेलं, कंपनीचं नावच नाही.

अशी कोटेशनं मी बरीच पाहिली आहेत. 'आय७' हा शब्द घरातल्या मोठ्यांच्या ओळखीचा असतो, म्हणून पैसा तिकडे जातो आणि गेम ज्याच्या जोरावर चालतो त्या कार्डाला उरलंसुरलं मिळतं. त्या संध्याकाळी आम्ही मामा-भाच्यांनी अख्खा कागद नव्याने लिहिला. तेव्हा ज्या क्रमाने विचार केला, तोच इथे मांडतो.

सुरुवात स्क्रीनपासून करा

पहिला प्रश्न प्रोसेसरचा नसतोच. कोणते गेम खेळणार आणि कोणत्या मॉनिटरवर, हे आधी ठरवा आणि तिथून मागे मागे या.

गेम चालू असताना प्रोसेसर प्रत्येक फ्रेमची, म्हणजे स्क्रीनवरच्या एकेका चित्राची, तयारी करतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, दार उघडलं की नाही. मग ते चित्र कार्ड रंगवतं. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर कार्डाला दर फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात. २५६० बाय १४४० ला हा आकडा ३६.९ लाख होतो, आणि फोर-के ला जवळपास ८३ लाख. म्हणजे रिझोल्यूशन वाढलं की ओझं कार्डावर पडतं, प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं.

हर्ट्‌झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) वाढले की मात्र दोघांनाही पळावं लागतं. ६० हर्ट्‌झला एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ७. वॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे गेम लो सेटिंगवर, जास्त हर्ट्‌झवर खेळायचे असतील तर प्रोसेसर चांगलाच हवा. सायबरपंक २०७७ सारखा गेम सगळी रोषणाई चालू ठेवून पाहायचा असेल तर कार्ड. भाच्याला दोन्ही हवं होतं, पण घरात मॉनिटर १०८०पी (म्हणजे १९२० बाय १०८०) आणि १४४ हर्ट्‌झचा ठरला होता, त्यामुळे निर्णय सोपा झाला.

शंभर रुपयांची वाटणी

मॉनिटर, कीबोर्ड, माउस बाजूला ठेवून फक्त पीसीच्या डब्याचा, आतल्या सगळ्या पार्टसकट, खर्च धरा. त्यातल्या शंभर रुपयांपैकी मी साधारण ४० कार्डाला देतो, १८ प्रोसेसरला, १२ मदरबोर्डला, १५ रॅम आणि एसएसडीला मिळून, ८ एसएमपीएसला आणि ७ कॅबिनेट-पंख्यांना. भाव रोज हलतात, दोन-चार रुपये इकडचे तिकडे होतातच. पण एखाद्या कोटेशनमध्ये प्रोसेसर कार्डापेक्षा महाग दिसला, किंवा शेवटच्या दोन गोष्टींना मिळून पाच रुपयेही उरले नाहीत, तर तो कागद परत द्या.

भाच्यासाठी आम्ही आय७ खोडून सहा कोअरचा आय५-१२४००एफ घेतला आणि वाचलेले पैसे ८ जीबीच्या आरटीएक्स ४०६० कडे वळवले. पुढे ही नावं जुनी होतील, तुम्ही वाचाल तेव्हा दुसरी असतील, पण वाटणीचा हिशेब तसाच लावता येतो. १०८०पी ला ८ जीबीच्या कार्डावर बहुतेक गेम नीट चालतात. १४४०पी वर नवे मोठे गेम खेळायचे असतील तर १२ जीबी किंवा जास्त पाहा.

त्या नावातल्या 'एफ'कडे लक्ष द्या. या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसतात. उद्या कार्ड वॉरंटीत पाठवावं लागलं तर ते परत येईपर्यंत स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. याच मशीनवर कॉलेजचा अभ्यासही होणार असेल तर थोडे जास्त पैसे देऊन बिना-एफचा घ्या. आणि कार्ड घेताना त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे की कार्ड बाहेरगावी जातं, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायच्या नादात कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या कार्डासाठी वॉरंटी मागताना फार धावपळ होते.

बोर्ड, रॅम, एसएसडी

इथे फार डोकं घालायची गरज नाही, जोडी जुळते की नाही एवढं पाहा. एएमडीचा रायझन ५ ५६०० जुन्या एएम४ सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आहे आणि त्याला डीडीआर४ रॅम लागते. रायझन ५ ७६०० एएम५ चा आहे, त्याला फक्त डीडीआर५ चालते. एएम५ २०२२ मध्ये आला आणि निदान २०२७ पर्यंत तो चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर तिकडे जा. जुन्या बी४५० बोर्डावर ५६०० बसवायचा असेल तर त्याचा बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट केलेला आहे का, हे दुकानातच चालू करून पाहून घ्या.

रॅम १६ जीबीची घ्यायची असेल तर एकच १६ ची स्टिक नको, ८ च्या दोन घ्या. दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला डेटा दोन वाटांनी मिळतो, आणि गेममध्ये तो फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. एसएसडी एनव्हीएमई, १ टीबी. आजकाल एकेक गेम १०० जीबीच्या पुढे जातो.

एसएमपीएसचं लेबल वाचा

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझं नुकसान इथेच झालं होतं. माझ्या पहिल्या असेंबल्ड पीसीमध्ये कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. मे महिन्यातल्या एका दुपारी गेम चालू असताना 'टक्' असा आवाज आला, जळका वास सुटला आणि सगळं बंद. एसएमपीएस गेला तो गेला, जाताना बोर्डही घेऊन गेला.

भाच्यासोबत दुकानात गेलो तेव्हा तो '४५० वॉट'चा डबा मागवला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "भाऊ, आरामात चालते, सगळे हाच नेतात." मी डबा उलटा करून बाजूचं लेबल भाच्याला वाचायला लावलं. त्यावर खूप आकडे असतात, आपल्याला एकच हवा असतो: +१२ व्होल्टच्या खाली किती ॲम्पियर लिहिलेत. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच लाइनवर जगतात. तिथे १६ ॲम्पियर होते. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. बाहेर ४५० लिहिलेल्या डब्यातून कामाचे एवढेच. मग नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवत असल्याचं प्रमाणपत्र) डबा मागितला. त्यावर १२ व्होल्टला ४५ ॲम्पियर, म्हणजे ५४० वॉट. भाच्याने दोन्ही डबे हातात घेऊन वजन केलं आणि काही न बोलता दुसरा पुढे सरकवला.

आपल्याला किती लागतात? १२४००एफ जोरात असताना ११७ वॉटपर्यंत जातो, ४०६० ला ११५ लागतात, पंखे-रॅम-एसएसडीचे ५० धरा. झाले २८०-२८५. मग ५५० कशाला? कार्ड क्षणभरासाठी मोठा घोट घेतं तेव्हा हात मोकळा हवा म्हणून, आणि निम्म्या भारावर एसएमपीएस सगळ्यात निवांत चालतो म्हणून. एनव्हिडियासुद्धा ४०६० साठी ५५० चाच सांगते.

मे महिन्याचा हिशेब

दुसऱ्या गावचे सल्ले वाचताना एक गोष्ट सुटते. पीसीचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. ज्याच्यावर चांगला कूलर बसवलेला आहे असा प्रोसेसर गेममध्ये खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर राहत असेल, तर २६ अंशांच्या एसी खोलीत तो ७१ वर असतो. आपल्याकडे बाहेर पारा ४५ च्या वर गेलेला असताना वरच्या मजल्यावरची खोली सहज ४० वर असते, तिथे तोच प्रोसेसर ८५ वर जातो. आणखी थोडं चढलं की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. म्हणून समोर काच असलेलं देखणं कॅबिनेट घेऊ नका. समोर जाळी हवी, पुढे हवा आत ओढणारे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक. आरजीबी दिवे नंतर कधीही लावता येतात.

पीसी जोडून झाला की एक अगरबत्ती पेटवून जाळीसमोर धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे आणि मागच्या पंख्यातून बाहेर आला पाहिजे. भाच्याच्या कॅबिनेटमध्ये धूर समोरूनच परत येत होता. पाहिलं तर पुढचा एक पंखा उलटा बसवलेला. दहा मिनिटांचं काम होतं, पण कळलं नसतं तर अख्खा उन्हाळा तसाच गेला असता.

आपला खसचा कूलर खोलीला थंड करतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, त्यात पाण्याचे तुषार असतात. कूलर खिडकीत असेल तर पीसी बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून वर, टेबलावर किंवा निदान एखाद्या स्टुलावर ठेवा.

यूपीएसही याच हिशेबात धरा. मृगाच्या आधीच्या वादळांत लाइट जाते-येते, आणि हा झटका मशीनला आवडत नाही. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. पीसी आणि मॉनिटर मिळून ३१० च्या पुढे जातात, तेव्हा १००० व्हीएच्या पुढचाच घ्या. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर तो यूपीएस मोडवर आहे का पाहा. आणि सॉकेटला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

चालू केल्यावर

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, बोर्डात नको. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्‌झ निवडा, ते बरेचदा ६० वरच राहिलेलं असतं. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर महागडी रॅम कमी वेगावर चालत राहते.

मग गेम लावून टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचा वापर पाहा. कथेच्या, भारी ग्राफिक्सच्या गेममध्ये तो ९५ ते ९९ टक्के असेल तर वाटणी बरोबर जमली. कार्ड ६० टक्क्यांवर आहे आणि तरी फ्रेम कमी आहेत, तर रिझोल्यूशन एकदा खाली आणून पाहा. फ्रेम वाढल्या नाहीत तर अडकलंय प्रोसेसरपाशी. अशा वेळी नवं कार्ड घेऊन काही होणार नाही.

कॅबिनेटच्या समोरची जाळी तीन-चार महिन्यांत धुळीने भरते. आमच्या घरी पाडव्याच्या आसपास कूलरची खस बदलतात, त्याच दिवशी भाचा ती जाळी काढून नळाखाली धुतो, उन्हात वाळवतो आणि परत लावताना न विसरता अगरबत्ती पेटवतो.