हरभरा पेरण्याआधी झटका मशीनचं बघा

धान कापणीला आलंय, तूर फुलोऱ्यावर येतेय आणि मोकळ्या झालेल्या वावरात आता हरभरा पडेल. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमधल्या (जंगलालगतच्या पट्ट्यातल्या) गावांत रात्रीची जागल सुरू होते ती याच दिवसांत. पेरलेलं बी उकरायला रानडुकरं, तुरीचे शेंडे खुडायला रोही (नीलगाय) आणि त्यांच्या मागावर वाघ, सगळ्यांची वाट एकच. आकडा टाकून तारेत सोडलेला करंट यातल्या कोणाला लागेल ते सोडणाऱ्याच्या हाती नसतं. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही त्यात सापडतो. वाघ मेला तर किमान 3 वर्षांची कैद, वीजचोरीचा गुन्हा वेगळा.

त्यापेक्षा सौर कुंपण घ्या, म्हणजे सौर पॅनेलवर चालणारं झटका मशीन आणि त्याच्या तारा. 2015 पासूनच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वैयक्तिक कुंपणाला किमतीच्या 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यातलं जे कमी असेल तेवढं अनुदान आहे. अर्ज गावातल्या परिस्थितिकीय विकास समितीमार्फत जातो. सातबारा, आधार, बँक पासबुक तयार ठेवा आणि आपलं गाव योजनेच्या यादीत आहे का, ते वनरक्षकाला आधीच विचारा.

मशीन आणलं की काम संपलं, असं समजू नका. झटका क्षणभराचा असतो, जनावर बिचकतं, मरत नाही. पण तारेला गवत टेकलं की तो जमिनीत उतरून जातो. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवावी लागते, म्हणून तिच्याखालचं गवत दर आठ-दहा दिवसांनी काढा. काळी जमीन भेगाळली की अर्थिंग (मशीनची जमिनीशी जोडणी) कमजोर पडतं. अर्थिंगच्या गाडलेल्या सळईभोवती मीठ-कोळसा भरून अधूनमधून बादलीभर पाणी ओता. पॅनेलवरची धूळ पुसा. बहुतेक ‘खराब’ मशीन एवढ्यावर सुरू होतात.

एवढं करूनही पीक तुडवलं गेलंच, तर 3 दिवसांच्या आत वन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचनाम्याआधी वावर नांगरू नका, फोटो काढून ठेवा. गाय, बैल किंवा म्हैस वाघ-बिबट्याने मारली तर 48 तासांत कळवा. भरपाई बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार रुपये, यातली कमी रक्कम. धड जागेवरून हलवू नका आणि रागाच्या भरात त्यावर विष तर मुळीच टाकू नका. वनजमिनीवरच्या अतिक्रमणातलं पीक असेल तर पीक नुकसानीचे पैसे मिळत नाहीत.