व्हर्सायला दोघं जाताय? या चुका टाळा

पॅरिसजवळच्या व्हर्सायची सहल बहुतेकांची फसते ती एकाच हिशेबामुळे: राजवाड्याला अख्खा दिवस आणि बागेला उरलासुरला वेळ. सगळं आवार मिळून आठशे हेक्टरच्या आसपास आहे आणि राजवाडा हा त्याचा एक कोपरा. आरसेमहालापर्यंत पोचेस्तोवर एक जण फोटोंत रमलेला असतो, दुसरा टेकायला जागा शोधत असतो, आणि खरी पायपीट तर अजून सुरूच व्हायची असते.

वार न बघता जाणं

सोमवारी राजवाडा बंद, बागेपलीकडचे ट्रियानोंचे दोन्ही छोटे महालही बंद. बाग तेवढी उघडी असते. मंगळवारी पॅरिसमधलं लूव्हर संग्रहालय बंद असतं, त्यामुळे तिकडची गर्दी इकडे लोटते. निवांत फिरायचं तर बुधवार-गुरुवार बरे.

पण मग कारंजी? ती रोज उडत नाहीत. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, शनिवार-रविवार आणि काही ठरावीक दिवशी, तेही नेमलेल्या वेळेलाच. आडवारी जाऊन कोरडी कुंडं बघून हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पाणी इथे राहणाऱ्या चौदाव्या लुई राजालाही पुरत नव्हतं. सेन नदीचं पाणी वर चढवायला नदीकाठच्या मार्लीला 14 प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं, तरी भागेना. शेवटी राजा बागेत फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्ट्या मारून एकमेकांना वर्दी द्यायचे. तो जवळ आला की पाणी सोडायचं, पुढे गेला की बंद. तेव्हा कारंजी हवीत की मोकळी बाग, हे दोघांनी घरीच ठरवा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाताना गर्दी सोसून कारंजी बघावीत.

गाडी चुकणं

व्हर्साय नावाची स्टेशनं तीन आहेत. राजवाड्याला सगळ्यात जवळचं ‘व्हर्साय शातो रीव्ह गोश’. पॅरिसमधून ‘आरईआर सी’ ही उपनगरी रेल्वे तिथे जाते आणि उतरून दहाएक मिनिटं चाललं की पोचलात. गोम अशी की सी मार्गाला फाटे आहेत. त्याच फलाटावरून सुटणारी दुसरी गाडी भलतीकडे नेऊ शकते. गाडीवरचं शेवटच्या स्टेशनाचं नाव वाचल्याशिवाय चढू नका. चुकून ‘शांतिए’ या दुसऱ्या स्टेशनाला उतरलात तर घाबरायचं कारण नाही, तिथूनही वीसेक मिनिटांत चालत जाता येतं. उन्हाळ्यात या मार्गाचा काही भाग दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. तसं असेल तर पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून शांतिएला किंवा सँ-लाझारहून तिसऱ्या, ‘रीव्ह द्रुआत’ स्टेशनाला जाणारी गाडी धरा.

तिकीट आणि क्रम

तिकिटावरची वेळ फक्त राजवाड्याच्या प्रवेशाची असते. कारंज्यांच्या दिवशी बागेलाही तिकीट लागतं. नुसतं राजवाड्याचं काढून गेलात तर बागेच्या दारात पुन्हा पैसे मोजावे लागतील. अशा दिवशी सगळं एकत्र असलेलं ‘पासपोर्ट’ तिकीट परवडतं.

ट्रियानों दुपारी बारालाच उघडतं. सकाळी दहाला तिकडे अर्धा तास चालत जाऊन बंद दारापुढे उभं राहण्यात अर्थ नाही. सगळे सकाळी नऊची वेळ घेतात आणि बसभरून आलेल्या गटांत चेंगरतात. त्यापेक्षा उलटं करा: सकाळी बाग, बाराला ट्रियानों, मारी आंत्वानेत राणीने हौसेने वसवलेलं खेडं, आणि राजवाड्याची वेळ तीन-साडेतीनची. फक्त पुरती तासाभराची सवड ठेवून ट्रियानोंहून निघा. पाय बोलायला लागले असतील तर आवारातली छोटी गाडी घ्या. राजवाड्यातून एकदा बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत, त्यामुळे ‘आरसेमहाल नंतर नीट बघू’ हा बेत करू नका.

चुकामूक

आरसेमहाल 73 मीटर लांब, 17 कमानींत मिळून 357 आरसे. वर झुंबरं, समोर बाग, आणि लोंढा एकाच दिशेने सरकत असतो. एक जण आरशापाशी रेंगाळला आणि दुसरा पुढे गेला की संपलंच. मागे वळायला जागा नाही, फोनला उत्तर नाही, आणि भेटल्यावर पंधरा मिनिटं अबोला. यावर उपाय साधा आहे. ऑडिओ गाइडवर दोघांनी एकच दालन एकदम सुरू करायचं आणि ते संपल्याशिवाय हलायचं नाही. तरीही हरवलात तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. बागेकडच्या बाजूला लातोनाच्या कुंडाकडे उतरणाऱ्या पायऱ्या उत्तम, त्या कुणाच्याही नजरेतून सुटत नाहीत.

बारीकसारीक

फोटोसाठी उंच टाचा घातल्या की अंगणातली दगडी फरसबंदी आणि बागेतली वाळू दोन्ही सूड उगवतात. काळ्या बुटांवर तासाभरात पांढुरकी धूळ बसते.

मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. ती जमा केलीत तर दिवसाअखेरी घ्यायला त्याच दाराशी यावं लागतं, म्हणून मोठी पिशवी आणूच नका.

डबा बागेत उघडला तर रखवालदार उठवतो. पुढे मोठ्या कालव्याच्या बाजूच्या उद्यानात मात्र बसून खाता येतं. सायकलचंही तसंच, बागेत मनाई, उद्यानात मुभा. हा कालवा 1,670 मीटर लांब आहे, त्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन यायचा हट्ट भरदुपारी करू नका. तोंडाशीच वल्ह्याची होडी भाड्याने मिळते, ती घ्या. बॅटरीची गाडी घ्यायची असेल तर वाहन परवाना लागतो. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आलात तर पायीच फिरा.

परतताना राजवाडा बंद होण्याच्या वेळी सगळी गर्दी एकाच स्टेशनात शिरते. रेल्वेचं तिकीट सकाळीच दोन्ही बाजूंचं काढून ठेवा, म्हणजे यंत्रापुढची रांग तरी टळेल.