आयनीभवन ऊर्जा: बाण कुठे मोडतो ते आधी बघा

सुरगाणा, पेठ, कळवणहून मराठीत दहावी करून नाशिकला अकरावी सायन्सला येणाऱ्यांनी घाबरू नये. ‘आयनायझेशन एन्थॅल्पी’ म्हणजे आपली आयनीभवन ऊर्जाच. वायुरूपातल्या सुट्या अणूतला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. ‘वायुरूपातल्या’ हा शब्द व्याख्येतून हमखास गळतो.

‘आवर्तात उजवीकडे वाढते, गणात खाली घटते’ हा बाण सगळ्यांना पाठ असतो. अवघड प्रश्न मात्र तो मोडतो तिथे असतात. आलेख कागदावर आडवे अणुअंक 1 ते 20 घ्या, उभ्या अक्षावर 1 सेंमीला 200 किलोज्यूल प्रति मोल. हेलियम (2372) 12 सेंमीच्या आत बसतो. बोरॉन, ऑक्सिजन, ॲल्युमिनियम आणि गंधकापाशी छोटे खड्डे दिसतील.

बेरिलियम 899, बोरॉन 801. प्रोटॉन वाढूनही आकडा घसरला, कारण बोरॉनचा इलेक्ट्रॉन 2पी मधून (दुसऱ्या कवचात 2एस आणि 2पी असे दोन उपकवच असतात) निघतो आणि 2एसची जोडी त्याच्यावरची ओढ थोडी अडवते. कवचांसाठी कांद्याच्या पापुद्र्यांची उपमा नाशिककराला लगेच सुचते, पण एकाच कवचातल्या एस-पीचा भेद कांद्यात सापडत नाही.

नायट्रोजन 1402, ऑक्सिजन 1314. नायट्रोजन ‘हाफ-फिल्ड (पीच्या तिन्ही ऑर्बिटलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागांत, एकेकच इलेक्ट्रॉन) म्हणून स्थिर’ हे नुसतं लेबल झालं. ऑक्सिजनचा चौथा पी इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या ऑर्बिटलमध्ये शिरतो, दोघं एकमेकांना रेटतात, म्हणून एक सहज सुटतो. हे उमगलं की दुसऱ्या आयनीभवनात (एक इलेक्ट्रॉन गेल्यावर दुसरा काढताना) ऑक्सिजन (3388) फ्लोरिनच्या (3374) पुढे का, तेही सुटतं: एकेक इलेक्ट्रॉन गेल्यावर ऑक्सिजनकडे तीन पी उरतात, फ्लोरिनकडे चार. इथे मूळ अणूची नव्हे, आयनाची रचना मांडायची.

ॲल्युमिनियम 577, त्याखालचं गॅलियम 579. मधले दहा 3डी इलेक्ट्रॉन शिल्डिंगला (केंद्रकाची ओढ अडवायला) कच्चे, म्हणून गणातली घट तिथे अडते.

पहिला, दुसरा, तिसरा, चौथा इलेक्ट्रॉन काढायच्या ऊर्जांची 577, 1816, 2744, 11577 अशी मालिका देऊन गण विचारला, तर लागोपाठचे भागाकार करा: 3.1, 1.5, 4.2. पहिला आकडा फसवतो; सर्वांत मोठी झेप तिसऱ्यानंतर, म्हणून संयुजा इलेक्ट्रॉन तीन, गण 13.

लोहासारख्या मूलद्रव्यात इलेक्ट्रॉन भरताना 4एस आधी, काढतानाही 4एसच आधी. 3डी मधून सुरुवात केली की पुढची सगळी मांडणी चुकते.