अमेरिकेहून डिस्क मागवताय? कोड तिथंच वापरा

सुट्टीला येणाऱ्या भाच्याला सिनेमाची ब्ल्यू-रे आणायला सांगणारे हौशी लोक कोल्हापुरात अजून आहेत. त्यांच्यासाठी ही टीप. डबीवर 'डिजिटल कॉपी' असं छापलेलं असेल, तर आत एक पातळ कागद असतो आणि त्यावर अक्षर-आकड्यांचा लांबलचक कोड. तो इंटरनेटवर टाकला की तोच सिनेमा आपल्या ऑनलाइन खात्यावर येतो. तो एकदाच चालतो, तोही बहुतेक वेळा डिस्क जिथं विकली त्याच देशात. असे कोड जिथं टाकता येतात ती मूव्हीज एनीव्हेअर ही ऑनलाइन सेवा तर फक्त अमेरिकेपुरतीच आहे. राजारामपुरीत बसून कितीही वेळा कोड टाका, उपयोग शून्य.

म्हणून भाच्याला सांगा, डबी तिथंच फोड आणि कोड तुझ्या खात्यावर टाक. सिनेमा त्याच्या फोनवर, डिस्क तुमच्या कपाटात. एका खरेदीत दोन घरं खूश. कागदावरची मुदत मात्र आधी बघायला लावा.

डिस्कचंही एक त्रांगडं आहे. साध्या ब्ल्यू-रेला प्रदेशाचं कुलूप असू शकतं: अमेरिका 'ए', भारत 'सी'. फक्त 'ए'साठीची डिस्क आपल्याकडच्या प्लेअरवर बहुधा अडते. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला ही भानगड नसते, पण प्लेअरही फोर-केचाच लागतो. (तो नसेल तर राहू दे, भाच्याला काजूच आणायला सांगा.)

जुन्या डबीवर अल्ट्राव्हायोलेट या जुन्या डिजिटल कॉपी सेवेची खूण दिसली, तर कोडपायी जादा पैसे मोजू नका. ती सेवा ३१ जुलै २०१९ ला बंद झाली.